नागप्पाचं कडक भाकरीचं चिलखत

सिद्धरामाची आण घेऊन सांगते, आनि मोठ्यानं सांगते, गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाऊ दे: ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय! खोटं निघालं तर आजपासनं माज्या चहात साखर पडू नये. एवढी मोठी शपथ ह्या पार्वतम्मानं आजवर कुनासाठी घेतली न्हाय.

आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराला मागल्या अंगाला एक खोली हाय. तितं नागप्पा भाड्यानं राहतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जॉबर हाय, म्हंजे चादरीचे माग बिघडले की दुरुस्त करनारा. आनि वेळ पडली की चिलखत घालून मानसं वाचवनारा. दोन्ही कामं एकाच पान्या-पकडीवर चालतात.

त्याचं चिलखत मी सोता बघितलंय. भाईरनं भंगारातल्या मागाचा पत्रा. आतनं आपली सोलापुरी चादर. चादरीला कप्पे शिवलेत आनि त्यात एकवीस कडक भाकरी, माज्या हातच्या. हसू नका! कडक भाकरी म्हंजे जोंधळ्याची, पापडागत पातळ, वाळवून वाळवून खडखडीत केलेली. तिच्यातलं सगळं पानी आधीच गेलेलं असतंय. आगीला तिच्यात करन्यासारखं काम उरत न्हाय. मागल्या साली एका कारखान्यात सुताला आग लागली, तवा नागप्पा आत शिरून तिघांना काढून आला, आनि आल्या आल्या मला म्हनला, "अव्वा, शेंगाचटनी हाय का? तीन भाकरी लई छान खरपूस झाल्यात."

आता कंपनीचं ऐका. एका बड्या कंपनीनं आभाळात, पार चांदन्यांच्या गावात, एक स्टेशन टांगलं. त्याला आरशागत मोठमोठे पत्रे. त्यांनी तितं ऊन गोळा करायचं, त्याचा झोत खाली सोडायचा, आनि हितं त्याची वीज करायची. झोत पडायला वळसंगच्या माळावर पांढरीफेक चौकोनी खूण केलेली. वर स्टेशनला एक डोळा हाय. तो खूण बघनार, तितं झोत सोडनार. कुटंच पांढरं दिसलं न्हाय तर झोत आपोआप बंद.

एप्रिलात चाचनीचा दिवस आला. आनि नेमकी सकाळी वळसंगला अशी वावटळ सुटली की त्या पांढऱ्या खुनेवर वीतभर माती बसली. डोळा बावचळला. पांढरं कुटं हाय, पांढरं कुटं हाय, असं करत बघायला लागला.

आता एप्रिलात सोलापुरात पांढरं कुटं असतंय सांगा? गच्चीवर! घरोघरी जुनी धोतरं पसरून त्यावर कुरडया, पापड, सांडगे. आनि अख्ख्या गावात सगळ्यात मोठी पसरन कुनाची, तर आमच्या ईरम्माची. चार धोतरं जोडून केलेली, चौकोनी.

ईरम्मा माजी धाकटी जाऊ. गल्लीच्या पल्याड तिचं घर, दोन गच्च्यांमदी आठ हातांचं अंतर. मागल्या महिन्यात न्हानीत घसरून तिचा पाय मोडला. मी एका लग्नात सांगितलं की उंटावरनं पडली. झालं! तवापासनं आमचं बोलनं बंद. पाय पलस्तरात, तरी बाईला कुरडयांचा हंगाम सोडवंना. पोरांनी सकाळीच खुर्चीसकट उचलून गच्चीवर ठेवली आनि कामावर गेली. सून शिवानी खाली स्वयंपाकात. म्हंजे ईरम्मा वर एकटी, हातात काठी, कावळ्यांवर नजर. जिना उतरायची सोय न्हाय.

आनि तो झोत वळसंगवरनं तिच्याकडं निघाला. बैलगाडीच्या चालीनं, पन निघाला. वाटेत शेतात कांदा उभ्यानं भाजला. एमआयडीसीत टाकीतलं पानी उकळलं, तवा कामगारांनी त्यात चहापत्ती टाकून घेतली. कुनाला वेगळं काय वाटलंच न्हाय, कारन सोलापूरचं ऊन! लोक म्हनले, आज जरा जास्तीच हाय.

नागप्पाला मातर ती उकळती टाकी बघून कळलं. त्यानं चिलखत घातलं, कारखान्यातल्या मोठ्या मागावर आडवा झाला आनि कामगारांना म्हनला, "मारा दांडी." मागातला आडवा दोरा नेनारा धोटा दांडीच्या फटक्यासरशी कसा ह्या टोकाचा त्या टोकाला जातोय? तसा नागप्पा छपराच्या पत्र्याला भोक पाडून थेट स्टेशनपर्यंत वर गेला.

वर गेल्या गेल्या स्टेशनच्या भोंग्यातनं खाली हापिसात बसलेला कंपनीचा साहेब बोलला, "कोन तुमी? हितं यायला पास लागतो."

नागप्पा म्हनला, "साहेब, तुमचा झोत गावावर चाललाय. बंद करा."

"चाचनी मदीच थांबवली तर मशीन खराब होतंय. चार वाजता आपोआप बंद हुईल."

"आमच्यात एक दोरा तुटला तरी माग थांबवतात, साहेब. तो दोरा जोडल्याबगर पुढं जात न्हाईत. आनि तुमी मानसांवर जाळ सोडून घड्याळ बघताय?"

मग नागप्पानं दांडके ओढले, बटनं बडवली. कायबी हललं न्हाय. सगळी कुलपं साहेबाकडं. शेवटी तो सरळ झोताच्या तोंडात जाऊन उभा राहिला, छाती पुढं काढून. झोत अडला. पन आत भाकरी जळायला लागल्या, एक एक करून.

तितनं त्यानं मला फोन लावला. वर रेंज झकास येती, मदी बिल्डिंगी न्हाईत.

"अव्वा! ह्या डोळ्याला ईरम्माकाकूची पसरन दिसतीय. ती उचला! आनि तिची एकटीचीच न्हवं, गावातलं सगळं पांढरं झाका, न्हायतर हा दुसऱ्या कुनावर जातोय. अकरा भाकरी गेल्या!"

मी धावत गच्चीवर. कडेनं थोडा झोत निसटत हुता, तो ईरम्माच्या गच्चीच्या कोपऱ्यावर पडलेला. तितली प्लॅस्टिकची बादली माज्या डोळ्यादेखत खाली बसली, म्हशीगत.

"ईरम्मा! उचल गं ती धोतरं! आभाळातनं झोत यायलाय! नागप्पा वर उभा हाय!"

तिनं माज्याकडं बघितलं बी न्हाय. कावळ्याला सांगितल्यागत म्हनली, "काही लोकांना उंट पुरला न्हाय. आता आभाळ काढलं."

"अगं खरं सांगते! तुजी बादली बघ!"

"बादली दहा रुपयाची हुती. ऊन लागलं, वितळली."

"जीव जाईल तुजा!"

"सुळ्ळ!" ती वरडली. कानडीत खोट्याला सुळ्ळ म्हनतात, आनि आमच्या घरात तो शब्द माज्यासाठीच राखून ठेवलाय. "सगळं सुळ्ळ! ओल्या कुरडया उचलायला लावतीयास. लगदा झाला की तुला बरं वाटंल. तीन दिवस गहू भिजवलेत मी!"

फोनमदनं नागप्पा, "अव्वा, सोळा!"

जन्मभर थापा मारल्या, लोकांनी माना डोलावून ऐकल्या. आनि आज खरं बोलायला गेले तर माजी जाऊ माज्यासमोर भाजून मरनार. रडायचंच बाकी हुतं. मग माज्या ध्यानात आलं, ही बाई माजं खरं ऐकनार न्हाय. मग खरं सांगतीच कशाला मी?

कठड्यावर पान्याचा तांब्या हुता. उचलला आनि भिरकावलं पानी तिच्या बाजूला, उंचावरनं. चार थेंब तिच्या मानेवर पडले. आनि मी बेंबीच्या देठापासनं वरडले, "वळीव आला! अगं बायांनो, वळीव आला! कुरडया भिजल्या!"

"यव्वा!" करून ईरम्मा पलस्तरासकट उभी राहिली! "शिवानी! ए शिवानी! पानी आलं!"

शिवानी पिठाच्या हातानं वर आली. सासूनं एक टोक धरलं, सुनेनं दुसरं, पसरन गुंडाळली आनि जिन्यात लोटली. शेजारच्या गच्चीवरनं चंद्रव्वा वरडली, "वळीव!" तिच्या पलीकडची वरडली. आभाळाकडं बघायला सवड कुनाला? एका गच्चीवरनं दुसऱ्या गच्चीवर, ह्या पेठेतनं त्या पेठेत, मराठीत, कानडीत, तेलुगूत, उर्दूत. पाच मिनटात अख्ख्या सोलापुरात एकाबी गच्चीवर पांढरी चिंधी राहिली न्हाय.

वर डोळ्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. अंधार. झोत फट्‌दिशी बंद!

"अव्वा," फोनमदनं आवाज आला, दमलेला पन हसरा, "एक उरली."

मग त्यानं निवांत स्टेशनचा डोळा पान्या-पकडीनं खोलून काढला, पत्र्यांची तोंडं आभाळाकडं फिरवली आनि संध्याकाळपर्यंत खाली आला. तो डोळा साहेबाच्या टेबलावर ठेवून म्हनला, "आधी दोरा जोडा." परत त्या कंपनीनं झोत सोडला न्हाय.

मी मातर तवाच, झोत गेल्या गेल्या, कठड्याला धरून मटकन खाली बसले. छातीत इतकं हलकं झालं की हसू आलं. समोर ईरम्मा भिंतीला टेकून धापा टाकत हुती, जिती, घामेघूम, कपाळाला पीठ. मी उठून गल्ली ओलांडली, जिना चढले. तिनं माजा हात धरला, डोळ्यांत पानी आनलं आनि म्हनली, "अक्का, तू हुतीस म्हनून मी वाचले."

बरं, बरं, बघू नका असं. एवढं एक मी पदरचं घातलं. ती तसलं काय म्हनली न्हाय. कोरड्या आभाळाकडं बघितलं, मग माज्याकडं बघितलं आनि म्हनली, "पाऊस कुटाय गं, थापाडे? लगदा केलास माज्या कुरडयांचा. चल, बस हितं, नवे गहू निवडायला लाग."

महिन्याभरानं पहिल्यांदा मला बस म्हनली. मी बसले की.