मालकाने परत मागितलेलं जाकीट

बायको गेल्यावर ती कामाला होती त्या लाँड्रीचा मालक भेटायला आला. खुर्चीच्या टोकावर बसला, पाणी प्यायला, फार वाईट झालं म्हणाला. सगळे म्हणतात तेच म्हणाला. मग उठता उठता, चप्पल घालताना, म्हणाला, "त्यांचं ते जाकीट असेल ना तुमच्याकडे? कंपनीचं आहे. जमा करावं लागतं."

मी म्हटलं, "शोधतो."

शोधायचं काहीच नव्हतं. हॉस्पिटलने तिचे कपडे एका पिशवीत दिले होते आणि ती पिशवी माझ्या कपाटात होती. पण ज्या माणसाची बाई कामावरून घरी येताना मेली, त्याच्याकडे येऊन हा मालक एक फाटलेलं जाकीट मागतो? त्या क्षणी माझ्या डोक्यात किडा शिरला.

तिची लाँड्री हॉस्पिटल आणि हॉटेलांच्या चादरी धुते. ती गावाबाहेर आहे. मधला रस्ता दोन्हीकडे मोकळी शेतं असलेला, दिव्यांचे खांब नसलेला. थंडीच्या दिवसांत संध्याकाळची पाळी सुटते तेव्हा अंधार पडलेला असतो. बायका सायकलने येतात-जातात. त्यासाठी मालकाने सगळ्यांना पिवळी जाकिटं दिली होती, पाठीवर आणि पोटावर राखाडी पट्ट्या असलेली. गाडीचा उजेड पडला की त्या पट्ट्या चमकतात. ही म्हणायची, "दिव्याची बॅटरी संपते, जाकीट काही संपत नाही." ते घातल्याशिवाय ती सायकलला हात लावत नसे.

तिला ज्या गाडीने उडवलं ती लाँड्रीचीच होती. चादरींची गाठोडी पोचवून परत येणारी व्हॅन. ड्रायव्हर तिच्या ओळखीचा. उंच, मान पुढे काढून चालणारा, म्हणून बायका त्याला उंट म्हणायच्या, आणि तोही हाकेला ओ द्यायचा. माझ्या बायकोला मावशी म्हणायचा. पळून गेला नाही. त्यानेच तिला व्हॅनमध्ये घालून हॉस्पिटलला नेलं. पोलिसांना त्याने एकच सांगितलं: "मावशी दिसल्याच नाहीत."

इन्स्पेक्टर मला म्हणाले, "जाकीट घातलेली बाई दिसली नाही म्हणे! डोळे मिटून चालवत होता का हा? नाहीतर फोनवर असणार. तुम्ही काळजी करू नका, ते जाकीटच त्याला आत घालेल."

आणि तेच जाकीट मालकाला हवं होतं. मी चार बुकंही शिकलेलो नाही, सुतारकाम करतो, पण दोन आणि दोन मला मोजता येतात. पुरावा गायब करून मालक आपल्या ड्रायव्हरला सोडवणार. त्याने उंटाला गाडीवरून काढलंही नव्हतं. चौकशी चालू, आणि हा रोज त्याच रस्त्याने गाठोडी नेतो. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी जाकिटाची पिशवी कपाटातून काढून पलंगाखालच्या हत्यारांच्या पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप घातलं. माझी मेहुणी, म्हणजे हिची धाकटी बहीण, त्याच लाँड्रीत सकाळच्या पाळीला आहे. तिला मी सांगितलं, "कोणी विचारलं तर जाकीट सापडत नाही म्हण."

"भाऊजी, मालकाने पुन्हा विचारलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, भाऊजींना स्वतःचा चष्मा सापडत नाही, जाकीट कुठून सापडणार?"

"काय म्हणाला?"

"हसला. पण नुसत्या तोंडाने."

मला चैन पडेना. उंट फोनवर होता की प्यायला होता, हे मला त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. मी त्याच्या घरी गेलो. दार त्यानेच उघडलं. मला बघून दोन पावलं मागे सरकला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

"काका, मारायचं असेल तर मारा," तो म्हणाला.

"मारायला नाही आलो. मला तुझ्या गाडीत बसायचंय. त्याच रस्त्याने, त्याच वेळेला. तू नेहमी चालवतोस तशी चालव. जाकीट घातलेला माणूस कसा दिसत नाही ते मला बघू दे."

मला वाटलं होतं, तो काहीतरी निमित्त काढेल. तो म्हणाला, "उद्याच चला." तेही मला आवडलं नाही. इतक्या पटकन हो म्हणणारा माणूस काहीतरी ठरवून बसलेला असतो.

रस्त्याच्या कडेला जाकीट घालून कोण उभं राहणार, तर मेहुणीच पुढे झाली. मी पेटी उघडायला लागलो तेव्हा तिने माझा हात धरला. "ताईचं मी नाही घालणार, भाऊजी. माझं घालते. दोघींना एकदमच मिळाली होती, दोन्ही सारखीच आहेत." तिला मी बजावलं की रस्त्यातल्या ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याच्या पलीकडे उभी राहा, रस्त्यावर पाऊल ठेवू नकोस. ती म्हणाली, "मला काय जीव जड झालाय?" मग जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर आम्ही लाँड्रीच्या फाटकापासून निघालो. मी उंटाशेजारी बसलो. त्याचा फोन मी आधीच मागून घेऊन माझ्या खिशात ठेवला होता. गाडीत साबणाचा वास होता, हिच्या कपड्यांना यायचा तोच. मी काचेतून समोर बघत होतो. डोळे फाडून बघत होतो, कारण मला माहीत होतं की मेहुणी कुठे उभी आहे. मोरीच्या अलीकडे एक पांढरा दगड आहे, त्यावर लाल चकती बसवलेली आहे. ती चकती लांबूनच लखलखली. मी मनात म्हटलं, आता जाकीट दिसेल.

दिसलं नाही.

चकती जवळ आली, कठडा आला, आणि एकदम, अगदी दाराशी आल्यासारखी, मेहुणी दिसली. आधी तिचा चेहरा दिसला, मग जाकीट. मी "थांब" म्हणेपर्यंत ती मागे गेली होती. उंटाने ब्रेक दाबला, गाडी बरीच पुढे जाऊन उभी राहिली.

तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला. मी या माणसाला खोटा ठरवायला आलो होतो, आणि माझ्या डोळ्यांनी त्याच्याच बाजूने साक्ष दिली होती.

मेहुणी धावत आली. "काय झालं? दिसले ना मी?"

मी तिला हेडलाइटसमोर उभं केलं. दिवसा डोळ्यात भरणारं पिवळंधमक जाकीट, एक डाग नाही त्यावर. पण पट्ट्या चुलीतल्या राखेसारख्या दिसत होत्या. मागे राहिलेली दगडावरची मळकी चकती मात्र लांबूनच पेटल्यासारखी चमकली होती.

तिने पट्टीवरून बोट फिरवलं. बोट फिरवता फिरवता तिचं तोंड उतरलं.

"चमक धुवून गेली," ती म्हणाली. "भाऊजी, आम्ही ही चादरींच्या मशीनमध्ये टाकतो. उकळतं पाणी, सोडा, सगळं. लाँड्रीतल्या बायका आम्ही, कळकट जाकीट घालून बाहेर कशा पडणार? ताई तर एकाही पाळीला जाकीट धुवायचं चुकवायची नाही. मला म्हणायची, तुझं जाकीट बघ, मेकॅनिकचं वाटतंय."

मी रस्त्यावरच बसलो. तिचा नीटनेटकेपणा मला माहीत होता. त्यावरून मी तिची चेष्टा करायचो.

उंट गाडीतून उतरला होता. हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे काका, माझी चूक नव्हती ना?"

आशेने विचारत होता. त्याचा मला राग आला नाही, पण मन पुन्हा तिथेच अडकलं. पट्ट्या चमकत नव्हत्या, मान्य. पण मेहुणी दिसली होती. उशिरा दिसली, जवळ आल्यावर दिसली, पण दिसली.

"गाडी वळव," मी म्हटलं. "पुन्हा जाऊ. आता हळू चालव. सायकलवाल्याला धीराने ओलांडशील तेवढी."

दुसऱ्या वेळी मेहुणी तेवढ्याच अंतरावर दिसली, हातभर आधी नाही की नंतर नाही. पण या वेळी उंटाने ब्रेक दाबला आणि गाडी तिच्या अलीकडे थांबली. आमच्यामध्ये एक बैलगाडी मावेल इतकी जागा उरली होती.

इंजिन चालू होतं. तो समोर बघत राहिला.

"अंधारात रस्त्यावर दगड असतो," मी म्हटलं, "पडलेली फांदी असते, कुणाचं पोर असतं. त्यांना कोण जाकीट घालतं? तुझ्या दिव्याचा उजेड जिथे संपतो, त्याच्या पुढे काय आहे ते तुला माहीत नव्हतं. तरी तू त्यात गाडी घातलीस."

"इतक्या हळू गेलो तर तीन फेऱ्या होत नाहीत, काका. मालक दुसरा ड्रायव्हर बघेल."

"मालकाने तुला वेगाने चालव म्हणून सांगितलं?"

"सांगावं लागत नाही," तो म्हणाला. मग रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. त्याचा फोन मात्र अजून माझ्याच खिशात होता. त्या दिवशी तो फोनवर होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या सकाळी मेहुणीने लाँड्रीत सगळ्या बायकांना जाकिटं टॉर्चसमोर धरायला लावली. दुपारी ती तरातरा माझ्याकडे आली. "भाऊजी, स्टोअरमध्ये नव्या जाकिटांचे खोके पडलेत. स्टोअरवाली म्हणते, ताई गेली त्याच आठवड्यात आले. आणि आतल्या चिठ्ठीवर लिहिलंय, थंड पाण्यात हाताने धुवा."

म्हणजे मालकाला कळलं होतं. जाकीट त्याला ड्रायव्हरसाठी नको होतं, स्वतःसाठी हवं होतं. खोके आणून ठेवले आणि बायका तशाच मेलेल्या पट्ट्या घालून त्या रस्त्याने जात राहिल्या, कारण नवी वाटली की जुन्यांना काय झालं असं कोणीतरी विचारणार, त्याआधी हिचं जाकीट त्याच्या हातात यायला हवं होतं.

"हे पोलिसांना सांगायचं," मी म्हटलं.

मेहुणी दारात उभी राहिली. "सांगितलं तर उंट सुटेल. पट्ट्या चमकत नव्हत्या म्हणेल, झालं. वर लोक म्हणतील, बाईनेच आपलं जाकीट धुवून घालवलं. माझ्या ताईला बोल लागेल."

"नाही सांगितलं तर मालक सुटेल."

"मग?"

मी पेटी उघडली, पिशवी घेतली आणि पोलीस ठाण्यात गेलो.

इन्स्पेक्टरसाहेबांनी जाकीट हातात घेतलं. मी त्यांना पडदा ओढायला सांगितला आणि त्यांच्याच टॉर्चने पट्ट्या बघायला लावल्या. त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. मग पडदा उघडला.

"हे लिहिलं, तर त्याचा वकील एवढंच धरून बसेल," ते म्हणाले. "तुमची केस कच्ची होईल. विचार करा."

"केला. पट्ट्या का गेल्या तेही लिहा, आणि मालकाने जाकीट मागितलं तेही."

त्यांनी पेन उघडलं. मी टेबलावर हात ठेवला.

"पण साहेब, नुसतं जाकीट बघून भागणार नाही. ती दिसत होती की नाही, आणि गाडी थांबत होती की नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या व्हॅनमध्ये बसायला कधी येता?"