ग्लासभर मृग

खट्.

माझ्या धाकट्याचा नुकताच डोळा लागला होता, म्हणून घरात कुणी हूं की चूं करत नव्हतं. मी बाबांच्या पलंगाशी पाण्याचा ग्लास धरून बसले होते आणि बाबा ओठ मिटून भिंतीकडे बघत होते. तेवढ्यात कपाटापाशी ते वाजलं.

"शटर कोणी दाबलं?" बाबांनी विचारलं.

सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं धड वाक्य. माझी लेक त्यांचा जुना कॅमेरा पोटाशी धरून उभी होती. ओरडा बसणार हे ओळखून तिने तोंड आधीच रडवेलं करून ठेवलं होतं.

बाबांना तहानच लागेनाशी झाली होती. पाणी पुढे केलं की "आत्ताच प्यालो" म्हणायचे, आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटायचं. सरबत करून झालं, सूप करून झालं, लहान मुलासारखं चमच्याने भरवून झालं. दुपारी डॉक्टरीणबाई जीभ बघून गेल्या. "झोपेपर्यंत दोन-तीन ग्लास पोटात गेले तर ठीक. नाहीतर सकाळी दाखल करून सलाइन लावू." मागच्या वेळी दाखल केलं होतं, तेव्हा घरी आल्यावरही कितीतरी दिवस ते मला ‘सिस्टर’ म्हणत होते. आता पुन्हा गेले, तर परत येऊन मला कोण म्हणतील, कुणास ठाऊक.

"इकडे आण तो," बाबा लेकीला म्हणाले. कॅमेरा हातात आल्याबरोबर त्यांची बोटं आपापल्या जागी जाऊन बसली.

बाबांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो काढायचे. दिवसभर "हनुवटी वर, हलू नका". थंडी पडून आकाश स्वच्छ झालं की दुकान बंद करून थेट गच्चीवर. स्टँडवर कॅमेरा लावायचा, शटर उघडं ठेवायचं. तारे सरकत राहायचे आणि फोटोत त्यांच्या रेघा उमटायच्या. "माणसांना दिवसभर दटावतो," म्हणायचे, "यांना हवं तेवढं हलू दे."

मग त्यांना मुतखडा झाला. रोज भरपूर पाणी प्यायचं, थंडीत तहान लागली नाही तरी प्यायचं, असं बजावलं होतं. बाबा ऐकतायत कुठले. शेवटी आईने नियम केला: शटर उघडलं की ग्लास तोंडाला, ग्लास संपला की शटर बंद. एका फोटोला एक ग्लास.

एकदा आईची पाठ वळल्यावर बाबांनी अख्खा ग्लास कुंडीत ओतला. नियमाला मात्र पक्के; शटरही लगेच मिटलं. फोटो धुऊन आला, तो आईने दिव्याखाली धरला.

"अहो, हा मृग नुसताच ठिपक्यांचा कसा? पाणी कुणी प्यालं?"

"कुंडीने," मी सांगून टाकलं.

"फितूर कुठली," बाबा म्हणाले.

त्यानंतर आई अल्बम उघडायची ती रेघाच बघायला. "हा रोहिणीचा बघ, किती सावकाश प्यालेत. शहाण्यासारखे." एका फोटोत व्याधाची रेघ मध्येच लचकलीय, तेव्हा बाबांना ठसका लागून स्टँड हलला होता. तो फोटो आईचा सगळ्यात लाडका.

"मृग वर आला असेल," बाबा पलंगावरून म्हणाले.

मी त्यांना शाल गुंडाळून बाल्कनीत खुर्चीवर बसवलं. समोरच्या इमारतीच्या टाकीवर मृग आडवा पडला होता. कॅमेऱ्यात रोल नव्हता. आई गेल्यानंतर कितीतरी वर्षांत कुणी घातलाच नव्हता. लेकीने मागचं झाकण उघडून पाहिलं होतं. ती बोलायला गेली, तशी मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

बाबांनी रोल पुढे सरकवायची खिट्टी ओढली. ती जोर न लागता सैल सरकली, तसा अंगठा मध्येच थबकला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या ग्लासकडे.

"काठोकाठ भरलायस ना? तुझी आई बघेल हं."

"भरलाय, बाबा."

खट्. शटर उघडलं. बाबांनी एक घोट घेतला. थांबले. आकाशाकडे बघत दुसरा घेतला. लेक खुर्चीला टेकून चुळबुळत होती.

"आजोबा, पटापट प्या ना. मला थंडी वाजतेय."

"पटापट प्यालं की ठिपके येतात."

"मग काय होतं?"

"तुझी आजी रागावते."

मी रेलिंगला धरून उभी होते. प्रत्येक घोटाबरोबर त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती आणि मी तेवढंच बघत होते. ग्लास रिकामा झाला. खट्. बाबांनी तो माझ्यापुढे धरला.

"चांगला आला असणार. आता व्याध. भर."

स्वयंपाकघरात आले तर लेक मागोमाग. मी नळ सोडला. तिने माझा पदर ओढून मला खाली वाकवलं आणि कानाशी तोंड आणून विचारलं,

"आई, आत रोल नाही हे आजोबांना माहितेय ना गं?"