आजोबांची मान

बल्गेरियाच्या रोदोपी डोंगरातल्या त्या गावात वारा असा सुटतो, की कोंबडी अंडं घालते एका अंगणात आणि ते सापडतं शेजारच्या. पण त्या सकाळी वाऱ्यापेक्षा जास्त फेऱ्या मारल्या रादोस्वेताबाईंनी, चौथीच्या वर्गाबाहेर.

आत परीक्षा चालली होती. देशोदेशीच्या चौथीतल्या पोरांना वाचलेलं कितपत समजतं, ते तपासणारी. खरी परीक्षा पुढच्या वर्षी. तिची रंगीत तालीम म्हणून काही शाळा निवडल्या, त्यांत नेमकी ही. शहरातल्या शिक्षणाधिकाऱ्याने फोनवर दम भरला होता, "पोरांना वाचता येत नाही असं दिसलं, तर शाळेला कुलूप. मग बसने इकडे पाठवा सगळ्यांना."

बाई दाराच्या फटीतून बघत, परत चालू लागत, परत फटीला डोळा लावत.

शेवटी पोरं हुंदडत बाहेर पडली आणि परदेशी निरीक्षक योनास उत्तरं चाळायला बसला. गडी पुस्तकांतून बल्गेरियन शिकला होता, अगदी चोख.

"बाई, हे काय? गोष्टीत नातू विचारतो, होडी नेऊ का? आजोबा मान वर-खाली हलवतात. नातू होडी नेतो. आजोबांचं उत्तर काय? झाडून सगळ्यांनी लिहिलंय, 'नको.' एकाने तर वर लिहिलंय, 'नातू वाया गेलेला आहे.'"

"मग बरोबरच आहे की!"

"बरोबर? तुम्हाला तरी समजली का गोष्ट?"

बाईंनी जिवाच्या आकांताने मान डावीकडे-उजवीकडे हलवली. योनासने सुस्कारा सोडून टिपून घेतलं, 'बाईंनाही समजली नाही.' बाई पुन्हा येरझाऱ्या घालू लागल्या.

तेवढ्यात शाळेची स्वयंपाकीण विदाआजी ताट घेऊन आली. पापुद्र्यांची, आत चीज भरलेली गरम बानित्सा.

"पोरा, खाशील?"

योनास पहाटेपासून उपाशी. त्याने मान वर-खाली केली. आजीने ताट उचललं आणि निघाली.

"अहो आजी!"

"आता काय? खायची आहे का?"

त्याने मान अशी जोरात वर-खाली केली, की चष्मा टेबलावर पडला.

"नको तर नको, चष्मा कशाला फोडतोस मेल्या!"

बाईंची पावलं जागच्या जागी थांबली. बाहेरच्या जगात माना उलट्या चालतात, हे त्या ऐकून होत्या. धास्तीने विसरल्या होत्या. "साहेब, आमच्याकडे वर-खाली म्हणजे नाही, डावी-उजवीकडे म्हणजे हो! तुमच्या भाषांतरवाल्याने परक्या आजोबांची मान जशीच्या तशी उचलून आणलीय."

योनासने ताटाकडे पाहिलं, उत्तरांकडे पाहिलं. मग टिपण खोडलं. "पोरांनी नीट वाचलंय. लिहिताना आम्हीच चुकलो. तुमच्या साहेबांना आत्ताच सांगतो."

तो फोन घेऊन बाहेर गेला. बाईंच्या फेऱ्या पुन्हा सुरू. जमिनीला खड्डा पडायचा बाकी.

तो परत आला. "राहणार ना शाळा?" बाईंनी विचारलं.

योनासची मान वर गेली, अर्ध्यात अडली, डावीकडे वळली, दचकून पुन्हा खाली आली.

"अहो, तोंडाने बोला की!" बाई किंचाळल्या.

"हो! राहणार!" योनासही ओरडला. "आणि आजी, बानित्सासुद्धा हो!"