सगळ्यात मोठा आवाज आधी

हिरवं... परत हिरवंच. बटणाभोवतीचं ते बारीक कडं तार छेडली की उजळायचं आणि तार थांबली की विझायचं. चैतालीनं गेनचं बटण आणखी थोडं उजवीकडे फिरवलं, जवळजवळ शेवटापर्यंत, आणि पुन्हा तार छेडली — हळू, बोटाच्या मऊ भागानं, नख लागू न देता. हिरवं. झालं की मग! एवढंसं तर काम, लोक उगाच बाऊ करतात. गिटारचा आवाज माइकमधून या लाल डबीत, डबीतून लॅपटॉपमध्ये. आवाज लहान असेल तर बटण वाढवायचं, मोठा असेल तर कमी करायचं, कडं लाल झालं की आवाज फाटला असं समजायचं. यात न कळण्यासारखं काय आहे? सातपूरच्या कारखान्यात आठवडाभर ती दुसरं काय करते? सुटा भाग हातात घ्यायचा, माप घ्यायचं, मर्यादेत असेल तर पास, नसेल तर बाजूला. तिनं पास केलेला भाग परत आला असं आजवर झालेलं नाही. शेखरनं मात्र तिचं रेकॉर्डिंग परत पाठवलं होतं.

शेखर तिच्याच कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि संध्याकाळी नाटकं बसवतो. उद्या स्पर्धेत त्याचा प्रयोग आहे, आणि शेवटच्या प्रवेशाला चैतालीची गिटार हवी असं त्यानंच म्हटलं होतं, ती मागे लागली म्हणून नव्हे. आणि काल रात्री हा मेसेज — ‘चाल झकास आहे. पण मागे सतत हिस्स येतंय, आणि शेजारी कोणी झोपलंय म्हणून वाजवतेयस असं वाटतं. घाबरून वाजवल्यासारखं. उद्या संध्याकाळपर्यंत नवीन पाठव, नाहीतर नाइलाजानं दुसरं काहीतरी लावतो.’

घाबरून? मी? — तिनं तो शब्द सकाळपासून इतक्या वेळा मनात उलटसुलट केला होता की त्याला आता काही चवच राहिली नव्हती, तरी राग मात्र ताजा होता. जी बाई बघायला आलेल्या पाहुण्यांना, कांदेपोहे हातात असताना, तोंडावर सांगते की माझ्याबरोबर गिटार येईल, आधीच सांगून ठेवते, मागाहून कटकट नको — ती घाबरट? तेव्हा राकेश नुसता हसला होता. बोलले होते ते त्याचे वडील. ‘येऊ द्या की,’ मल्हारीबाबा म्हणाले होते, ‘कपाटायेवढी तर नाय ना?’ आणि सगळी बैठक हसली होती, आणि लग्न तिथेच ठरलं होतं, राकेशला ते अजूनही मान्य नसलं तरी.

बाबा वैशाखात गेले.

तिनं हेडफोन नीट बसवले. मार्गशीर्षातली थंडी, बोटं गार, तारा गार, खिडकीवर गोधडी लावलेली, आवाज घुमू नये म्हणून कपाटाची दारं उघडी आणि आतल्या साड्या माइककडे तोंड करून लटकलेल्या... सगळं जिथल्या तिथे. शनिवार, म्हणजे कारखान्याला सुट्टी. राकेश देवळ्याला, ठिबकच्या नळ्यांच्या कामावर. घरात दोघीच — ती इथे, आणि सासूबाई, कुसाबाई, स्वयंपाकघरात. मधलं दार लावलेलं.

‘चैताली!’ दारापलीकडून हाक आली. ‘कुकर लावू का? का तुझं चालू हाय?’

‘पाच मिनिटं, आई.’

‘असू दे, असू दे. मंग लावते. मला काय घाई नाय.’

बाबांच्या तेराव्याला चुलतसासू फुलाबाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या होत्या, ‘आता वर्षभर घरात वाजवणं-गाणं नको हं बाई, वर्ष पाळायचं असतं.’ बोलल्या त्या हवेत, पण बघितलं चैतालीकडे. कुसाबाई काहीच बोलल्या नाहीत, मांडीवरच्या पदराची घडी घालत बसल्या, आणि चैतालीनं त्या गप्प राहण्याचा अर्थ तिथल्या तिथे लावून टाकला. त्यांचं तसंही कधी फार प्रेम नव्हतंच गिटारवर. ‘काय ते टिंगटिंग’ म्हणायच्या. मग भांडत बसण्यापेक्षा चैतालीनं मधला मार्ग काढला — आणि या मार्गाचं तिला कौतुकच वाटत आलं होतं, खरं सांगायचं तर — की वाजवायचं, पण दाराबाहेर जाणार नाही इतकं हळू, आणि कमी पडेल तेवढं या बटणानं भरून काढायचं. सापही मरतो, काठीही मोडत नाही. त्यांचं वर्ष पाळलं जातंय, माझी गिटार चालू आहे, कुणाला कसला त्रास नाही. यात घाबरण्याचा संबंध येतो कुठे? व्यवहार आहे हा. शेखरला घरं चालवावी लागत नाहीत, नाटकं चालवावी लागतात.

तिनं रेकॉर्डचं बटण दाबलं आणि पहिली ओळ वाजवली. दुसरी. तिसऱ्या ओळीत चाल अलगद खाली उतरते — तिला तो उतार आवडायचा, शहाणासुरता वाटायचा. थांबली. ऐकून पाहिलं. हिस्स होतंच. पातेल्यात पाणी तापायला लागावं तसं, सगळ्याच्या मागे, एकसारखं. वायर बदलून पाहिली. चार्जर काढला. फ्रिज बंद करून यावा का... नको, त्या विचारतील. आता हातात गिटार न घेता, नुसतं गेन तसंच वर ठेवून, डोळे मिटून ती ऐकत बसली. दोष शोधायचा तर आधी गप्प बसून तो कुठून येतो ते ऐकायचं, ही तिची कामाची पद्धत होती आणि तिचा स्वतःच्या पद्धतीवर विश्वास होता.

आणि घर ऐकू यायला लागलं.

नुसत्या कानांना जे कधी ऐकू येत नाही ते सगळं. फ्रिजची घरघर. खाली कुणाच्या तरी स्कूटरची किक. ताटात काहीतरी बारीक सरकल्याचा आवाज — तांदूळ निवडतायत, घोटीहून आलेला, त्यांना दुकानातला चालत नाही. बांगडी नाही... बांगडीचा आवाज आता नसतो. मग खोकला. आणि मग, खूप लांबून आल्यासारखं, काहीतरी बारीक, वरखाली होणारं. आधी तिला वाटलं वायरचाच गुणगुणाट. तिनं हेडफोन काढले — काही नाही. शांत. घातले — आहे. काढले — नाही. या घरात ते गुणगुणणं फक्त तिच्या कानावरच्या या दोन काळ्या वाट्यांमध्ये होतं, इतर कुठेही नव्हतं.

सासूबाई गुणगुणत होत्या.

तिला आधी हसूच आलं. घ्या! आणि मी इथे श्वास रोखून वाजवतेय! आवणीचं काहीतरी असणार, त्यांच्या घोटीकडचं, चिखलात वाकून भात लावताना बायका म्हणतात तसलं... एकदा बाबाच म्हणाले होते, ‘हिचा आवाज आवणीत तीन वावरं पलीकडं जायचा, आता बघ कशी मुकी झालीय फ्लॅटात.’ चैतालीनं बटण होतं तेवढं पुरतं फिरवलं. हिस्स वाढलं, आणि त्या हिस्सच्या मधून चाल वर आली. पहिली ओळ. दुसरी.

माझी आहे ही.

माझी चाल आहे! ही बाई — दाराआडून, जे बाहेर जाणारच नाही असं मी छातीठोकपणे धरून चालले होते ते सगळं ऐकत आली आहे, पाठ केलंय तिनं, आणि आता तांदूळ निवडता निवडता... तिसरी ओळ आली. चैतालीचं बोट नकळत तारेवर उतरायच्या जागी गेलं. पण कुसाबाई उतरल्या नाहीत. त्या वर गेल्या. थोडा आवाज फाटला, पण गेल्या वर, आणि वरच थोड्या थांबल्या.

चुकलं, असं चैतालीच्या मनात आलं. चुकलं त्यांचं. तिथे खाली येते ती — आणि मग तिला बाल्कनी आठवली.

मागच्या हिवाळ्यात, अशाच उन्हात, बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर, पायावर शाल. भातगिरणीत जन्म गेला, कान गेले. ‘जोरात, सूनबाई, जोरात! गिरणीनं बहिरा केला मला, हे तुझं मुंग्यांसारखं वाजवणं मला नाय पोचत.’ आणि तिनं मग नखानं, मनगटानं, सगळ्या हातानं तारा ओढत ती ओळ वर नेली होती, कारण वर जाताना हात आपसूक जोरात पडायचा आणि तेच सूर त्यांना थोडेफार पोचायचे, आणि ते पोचले की बाबा खुर्चीच्या हातावर थाप मारायचे. स्वयंपाकघरातून आवाज यायचा, ‘काय ते टिंगटिंग!’ आणि बाबा डोळा मारायचे. ती ओळ वर जायची. सुरुवातीपासून वरच जायची. खाली ती कधी आली?

तिला आठवेना. खरंच आठवेना, आणि हे तिच्या बाबतीत सहसा होत नाही. कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्या तरी संध्याकाळी, बोट वर गेलं तर आवाज दाराबाहेर जाईल म्हणून ते खाली गेलं असेल. दुसऱ्या दिवशीही गेलं असेल. मग ती सवय झाली, आणि सवयीला तिनं शहाणासुरता उतार असं गोंडस नाव देऊन टाकलं. स्वतःच्या हातानं मोडलेला भाग, स्वतःच पास केलेला. वा, चैतालीबाई, वा! तिला स्वतःचा असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं, आणि त्या पाण्यात नुसता राग नव्हता, बाबा होते, आणि त्यांच्यासाठी ती मोकळेपणानं रडली नव्हती हेही तिला आत्ता, या खोलीत, साड्यांसमोर बसून कळत होतं. आणि ती बाई पलीकडे इतके महिने खरी ओळ सांभाळत बसली होती. कुकर थांबवून.

डोळे पुसून ती सरळ बसली. ठीक आहे. काम.

लेव्हल लावायची ती सगळ्यात मोठा आवाज आधी वाजवून, हे तर पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं. तुकड्यातला सगळ्यात जोराचा भाग घ्यायचा, खऱ्या हातानं वाजवायचा, आणि तो मावेल एवढी जागा ठेवायची. तिनं मात्र गेले कित्येक महिने सगळ्यात लहान आवाजावर लेव्हल लावली होती. तिनं नख लावलं, मनगट सैल सोडलं आणि तिसरी ओळ वर नेली.

कडं लालभडक. कानात आवाज फाटला. साहजिकच होतं. हात नाही आवरायचा, बटण आवरायचं — तिनं ते डावीकडे घेतलं. पुन्हा ओळ. लाल. आणखी डावीकडे. पुन्हा. खोली आवाजानं भरत होती, कपाटाचं दार थरथरत होतं, दाराबाहेर काय, आता जिन्यातसुद्धा जात असेल. फुलाबाई पंचवटीत राहतात, तिथपर्यंत गेला तरी जाऊ दे. आणखी थोडं डावीकडे... हिरवं. पूर्ण हातानं वाजवून हिरवं.

ती थांबली. तारेचा नाद विरला. हिस्स नव्हतं. पण दुसरंही काही नव्हतं — ताट नाही, तांदूळ नाहीत, फ्रिज नाही. गेन इतकं खाली आणल्यावर पलीकडची बाई ऐकू येणार कशी? त्या गुणगुणतायत की दचकून गप्प झाल्यात, रागावून पदराची घडी घालत बसल्यात की हातातले तांदूळ तसेच धरून पुढच्या ओळीची वाट बघतायत — काही कळायला मार्ग नव्हता. बटण परत वर नेलं असतं तर कळलं असतं. हेडफोन काढून हाक मारली असती तरी कळलं असतं. तिचा हात क्षणभर बटणाकडे गेलासुद्धा... नको. विचारून वाजवायचं असतं तर तिनं मागेच विचारलं असतं, आणि न विचारता गप्प बसण्याचे महिने तिनं भोगले होते, नव्हे, त्या दोघींनी.

आईंना ऐकू जाईल, एवढं तिला पक्कं माहीत होतं. तेवढं पुरे होतं. तिनं रेकॉर्डचं बटण दाबलं, गार बोटांवर फुंकर मारली आणि बाल्कनीतल्या त्या खुर्चीला पोचेल अशा हातानं पहिली ओळ सुरू केली.