साडूचा फ्यूज

थोरल्या जावयाला आपल्या कानाचा भारी अभिमान. शेजारचा पंखा कुरकुरला तरी हा भिंतीपलीकडून सांगणार, बेअरिंग गेलंय की पातं वाकलंय. सासऱ्यांचाही त्या कानावर विश्वास, आणि तेवढ्या एका गोष्टीच्या जोरावर हा गडी सासुरवाडीत ताठ मानेने बसायचा. बाकी सगळ्यात साडू पुढे. साडूची नोकरी मोठी, घर मोठं, मेल्याचे केससुद्धा अजून जागच्या जागी.

आणि आता त्या साडूने अॅम्प्लिफायरसाठी खास फ्यूज मागवला होता. करंगळीच्या पेराएवढी वस्तू, आतली तार म्हणे शुद्ध चांदीची, आणि किंमत अशी की तेवढ्यात थोरल्याचा अख्खा अॅम्प्लिफायर आला असता.

"फ्यूजचं काम जळायचं," तो बायकोला ऐकवत होता. "त्याने गाणं सुधारतं होय? उद्या सोन्याचं बटण लावून हा स्वतःच गायला लागेल."

"पोटात दुखतंय ते सरळ सांगा की," बायको म्हणाली.

दुखत होतंच. सासऱ्यांनी ठरवलं होतं की, त्यांच्या रेकॉर्डी ज्या जावयाकडे जास्त चांगल्या वाजतील त्याच्याकडे जाणार. थोरल्याकडे ऐकून झालं होतं. त्याने तर आपले कपडे खुर्चीवर टाकून कपाटही रिकामं करून ठेवलं होतं. आज साडूची पाळी.

साडूच्या घरी अॅम्प्लिफायरवर फ्यूजची मखमली डबी मिटून ठेवलेली होती. साडू कडेला अवघडून उभा होता. नम्रपणाचं सोंग आणतोय लेकाचा, असं थोरल्याला वाटलं. सुई टेकली.

आणि घात झाला. गाणारीने ओळीच्या आधी घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू आला. व्हायोलिनवाला तिच्या डाव्या हाताला बसलाय हेसुद्धा कळलं. थोरल्याच्या अंगाची लाही लाही झाली. हीच रेकॉर्ड त्याच्या घरी वाजली, तेव्हा हा श्वास कुठे गेला होता? सगळं याच्याच नशिबात कसं?

"काय जावईबापू, तुमचा कान काय म्हणतो?" सासऱ्यांनी विचारलं.

नाक मुरडायचं हे तो घरूनच ठरवून आला होता. पण कानाशी बेइमानी करवेना.

"फरक आहे," तो म्हणाला. "पडदा सरकवल्यासारखा."

"मग झालं तर. तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच मिटला. रेकॉर्डी इथेच राहू देत."

सगळे चहाला आत गेले. थोरला उठेना. ज्याने आपल्या तोंडचा घास पळवला, तो फ्यूज एकदा डोळ्यांनी तरी बघावा, म्हणून त्याने प्लग काढला आणि अॅम्प्लिफायरच्या मागची फ्यूजची टोपी फिरवली. तळहातावर साधा काचेचा फ्यूज पडला. त्याच्या टोकाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

तो ठिपका त्याने ओळखला. चांगले फ्यूज उडालेल्यांत मिसळू नयेत म्हणून तो बायकोच्या बाटलीतून असे ठिपके द्यायचा आणि त्यापायी बोलणी खायचा. मागे साडूचा अॅम्प्लिफायर बंद पडला होता, तेव्हा हा त्यानेच बसवला होता.

"दादा." साडू त्याचा चहाचा कप घेऊन मागे उभा होता. त्याने डबी उघडून दाखवली. आतला फ्यूज तळहातावरच्या फ्यूजपेक्षा दीडपट लांब होता. "मी मापच चुकीचं मागवलं. बसलाच नाही. आज सगळ्यांना सांगून टाकणार होतो. पण तुम्ही फरक आहे म्हणालात, आणि तुमच्या कानापुढे मी काय बोलणार? मलाच वाटलं, असेल काहीतरी फरक." त्याने आवाज खाली आणला. "बाबांना आता सांगू?"

थोरल्याने विचार केला. सांगितलं तर रेकॉर्डींचा फैसला पुन्हा होईल. पण नसलेला फरक ऐकणाऱ्या कानाला मग कोण विचारणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"राहू दे," तो म्हणाला आणि फ्यूज आत सारून टोपी घट्ट केली, प्लग लावला.

सासरे चहा घेऊन बाहेर आले. "बघितलात का? एवढ्या किमतीचा आहे का तो?"

"आहे," थोरला म्हणाला.

मग साडूने तीच रेकॉर्ड पुन्हा लावली. थोरल्याने डोळे मिटून कान लावला. आवाज अगदी त्याच्या घरच्यासारखाच होता.