बिनसेलाचं घड्याळ

"हे कुणाच्या बाहुलीचं काढलंस?" मावशी म्हणाली आणि काउंटरवरचा ट्रे तिने एका बोटाने परत घड्याळवाल्याकडे ढकलला.

ट्रेमध्ये सात-आठ नाजूक घड्याळं होती. सोनेरी साखळ्यांची, बोराएवढ्या तबकडीची. एकावर तर आकडेच नव्हते, बाराच्या जागी नुसता खडा.

"बायकांची अशीच असतात, मावशी."

"मग पुरुषांची काढ. मला वेळ बघायचीय, मिरवायचं नाहीये."

घड्याळवाल्याने डोळ्यावरचं भिंग कपाळावर चढवलं. ही बाई त्याची कुणी लागत नव्हती. पण सख्खी बहीण नसताना ती साऱ्या गल्लीची मावशी होती, तशी त्याचीही. अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं करणं हा तिचा धंदा. पुसणं, भरवणं, उठवणं, बसवणं. सव्वीस वर्षं तिने तेच केलं होतं. शाळा दुसरीत सुटली. अक्षरं वाटेत कुठेतरी सांडली, आकडे मात्र राहिले, कारण आकड्यांवाचून औषध देता येत नाही आणि तापही बघता येत नाही.

आणि त्या आकड्यांवरच कुणी बोट ठेवलं होतं.

सध्या तिच्याकडे मोजणीदार होते. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजत डोंगर पालथे घातलेला माणूस, दीड वर्षांपूर्वी एका सकाळी अर्धं अंग हरवून बसला. अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठ सडते. मावशी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून कूस बदलायची. त्या घड्याळाचा सेल मरायला टेकला होता आणि ते गुपचूप मागे पडत होतं. एका संध्याकाळी मोजणीदारांची मुलगी ऑफिसातून आली, तिने वडिलांची पाठ बघितली. कमरेपाशी तळहाताएवढा लाल चट्टा. तिने भिंतीकडे पाहिलं, हातातल्या फोनकडे पाहिलं. पन्नास मिनिटांचा फरक.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्हाला घड्याळ नीट वाचता येतं ना?"

मावशीच्या जिभेला हाड नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र तिने वाकून नुसता तो चट्टा चाचपला. सव्वीस वर्षांत तिच्या हाताखालच्या एकाही पाठीला जखम झाली नव्हती. तेच तिचं पदक. पण पदक लोक स्वतःच्या छातीवर लावतात. हिचं दुसऱ्याच्या पाठीवर, ते दिसणार कुणाला?

म्हणून ती आज दुकानात आली होती.

"सेलाचं नको," तिने बजावलं. "सेल सांगून मरत नाही."

"मग चावीचं देऊ?"

"आणि चावी द्यायची विसरले म्हणजे? मला दुसऱ्याचं सगळं लक्षात ठेवावं लागतं, रे. निदान घड्याळाने तरी स्वतःचं बघावं."

घड्याळवाला हसला आणि खालच्या खणातून त्याने एक काढलं. काळी तबकडी, पांढरे ठसठशीत आकडे, जाडजूड कापडी पट्टा. "हे ऑटोमॅटिक. रानावनात हिंडणाऱ्यांसाठी केलेलं. आत एक अर्धचंद्रासारखं वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि आपोआप चावी बसते."

"म्हणजे माझ्या हाताच्या जिवावर?"

"तुमच्याच."

"मग ठीक. त्याचा मला भरवसा आहे." तिने ते कानाला लावलं, उलटंपालटं केलं, काउंटरच्या लाकडावर दोनदा ठोकलं. घड्याळवाल्याने डोळे मिटले. "पाण्यात चालतं?"

"बुडवलंत तरी."

"आणि हे आतल्या बाजूला कसले जास्तीचे आकडे? तेरा, चौदा…"

"दुपारनंतरचे तास. लष्करात तसे मोजतात."

"मोजू देत. माझी दुपार एकलाच सुरू होते." मग तिने किंमत विचारली, ऐकली आणि नाक मुरडलं.

"मावशी, यापेक्षा महाग हवी तेवढी आहेत. पण ते नावाचे पैसे. टिकाऊपणा हाच."

"नाव मला वाचता येत नाही, मग त्याचे पैसे कशाला देऊ? हेच दे."

घड्याळवाला पट्टा तिच्या मापाचा करत म्हणाला, "फक्त एक लक्षात ठेवा. काढून ठेवलंत तर…"

"काढतंय कोण?" असं म्हणून ती दुकानाची पायरी उतरलीसुद्धा.

घरी सून भांडी विसळत होती. तिने मनगटाकडे पाहिलं आणि ओठ दाबले. "आई, सैन्यात भरती झालात की काय?"

"झाले तर पहिली तुला ओढीन. सकाळी पाचला उठवून पळवीन."

मुलगा मात्र हसला नाही. त्याला कचेरीत खुर्ची होती, पंखा होता, आणि आई लोकांच्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढते हे सांगायची लाज होती. लाज म्हणायची नाही म्हणून तो त्याला काळजी म्हणायचा. "आई, आपलं ठरलंय ना? मोजणीदार आहेत तोवरच. मग तू घरी बसायचंस. चार दिवसांच्या कामाला जन्माचं घड्याळ कशाला?"

"चार दिवसही वेळेवर जावेत म्हणून," ती म्हणाली आणि विषय तिथेच मोडला.

दुसऱ्या दिवशी तिने ते घड्याळ मनगटावरून वर, पार कोपराजवळ सरकवलं आणि पट्टा आवळला. म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. धातू लागला की फाटते. मग नेहमीसारखे तळहात एकमेकांवर घासून गरम केले आणि मोजणीदारांच्या खांद्याखाली हात घातला. मोजणीदारांची नजर तिच्या कोपरावर खिळली.

"अ… असंच," ते अर्ध्या तोंडाने म्हणाले. "माझं. डोंगरात."

"असंच होतं? मग कुठे गेलं?"

बराच वेळ शब्द जुळवून ते म्हणाले, "दरीत."

"बरं झालं. घड्याळ गेलं, तुम्ही राहिलात."

त्यांचं अर्धं तोंड हसलं. त्या दिवसापासून त्या दोघांचा एक खेळच झाला. ती कूस बदलायला आली की ते विचारायचे, "किती?" आणि ती मिनिटासकट सांगायची. "दहा वाजून दोन. दोन मिनिटं उशीर झाला, दूध उतू चाललं होतं. कापा माझा पगार." तळहाताएवढा चट्टा पैशाएवढा झाला, मग गुलाबी झाला, मग कातडीत विरून गेला. मुलीने पाठ पाहिली. त्यानंतर भिंतीवरच्या घड्याळात तिने नवा सेल घातलाच नाही. गरजच उरली नव्हती.

चार महिने गेले. एका दुपारी मावशीने कूस बदलली, आणि मोजणीदारांनी "किती?" विचारलं नाही. तरी तिने सांगितलं. मग नाकाशी हात धरला, मनगट चाचपलं, मुलीला हाक मारली.

डॉक्टर आले. कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "नक्की वेळ काय होती?"

मुलीने भिंतीकडे पाहिलं. तिथे सव्वाअकरा वाजून कधीचे थांबले होते. फोनकडे तिने पाहिलं नाही. भरल्या डोळ्यांनी ती वळली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या घड्याळात किती झाले होते?"

"चार वाजून सतरा," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी तसंच लिहिलं.

ठरल्याप्रमाणे मावशी घरी बसली. मुलाने खिडकीशी खुर्ची ठेवली, सुनेने तिला कशालाच हात लावू दिला नाही. "तुम्ही आराम करा, आई." घड्याळ मावशीने डबीत घालून कपाटात ठेवलं, बसल्या बाईला मिनिटं कशाला हवीत? पण अंगात मुरलेलं घड्याळ कुठल्या डबीत घालायचं? दर दोन तासांनी तिचे तळहात आपोआप एकमेकांवर घासले जात. एकदा सून आत आली तर मावशी पलंगापाशी उभी राहून उशीची कूस बदलत होती.

"काय झालं, आई?"

"काही नाही. ढेकूण बघत होते."

अकराव्या दिवशी चहा पिता पिता मुलगा म्हणाला, "अगं, त्या मोजणीदारांच्या मुलीचा फोन आला होता. त्यांच्या शेजारच्या आजी घसरून पडल्यात, कमरेचं हाड मोडलंय. 'तुमच्या आईंनाच पाठवा' म्हणत होत्या. मी सांगितलं, आईने काम सोडलं."

मावशीने कप खाली ठेवला. ती उठली आणि तिने कपाट उघडलं. डबी उघडली. घड्याळ बंद. सहा वाजून दहा मिनिटं. कुठल्या दिवसाचे, कोण जाणे.

मग जे तोंड मुलावर सुटायचं होतं, ते घेऊन ती थेट दुकानात गेली.

"हे तुझं टिकाऊ!" तिने डबी काउंटरवर आदळली. "वर्षसुद्धा नाही झालं. रानावनात चालतं म्हणे! माझ्या कपाटात मेलं ते!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं बाजूला सरकली. घड्याळवाल्याने घड्याळ हातात घेतलं, कानाशी धरलं.

"काढून ठेवलं होतंत?"

"हो. मग?"

"किती दिवस?"

"अकरा."

"हे दोन दिवस कसंबसं तग धरतं, मावशी. तेच सांगत होतो त्या दिवशी, तुम्ही निघून गेलात. घड्याळात काही बिघाड नाही." तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "हातच हलला नाही, तर ते तरी काय करणार?"

घड्याळवाल्याने घड्याळ तळहातावर आडवं धरून सावकाश डावीकडे-उजवीकडे कलवलं, तान्ह्याला झुलवावं तसं. सेकंदाचा काटा थरथरला आणि चालू लागला.

"वेळ लावून देतो."

"आण इकडे. मला येतं."

दुकानातल्या मोठ्या घड्याळाकडे बघून तिने काटे फिरवले. नऊ वाजून चाळीस. पट्टा आवळला आणि ती बाहेर पडली. कोपऱ्यावर डावीकडे तिचं घर होतं. ती उजवीकडे वळली. डावा हात ती जरा जास्तच हलवत चालली होती. येणारेजाणारे बघत होते. बघेनात का.

मोजणीदारांच्या घराची खिडकी उघडी होती. आत लोखंडी पलंग उघडा, गादी गुंडाळलेली. भिंतीवर अजून सव्वाअकरा. मावशीने शेजारच्या घराची कडी वाजवली.

दार उघडणारी बाई गोंधळली. "मावशी? पण तुमचा मुलगा तर म्हणाला…"

"त्याने त्याचं सांगितलं. आजी कुठे आहेत? शेवटची कूस कधी बदलली?"

"सकाळी… सात वाजता वाटतं. की साडेसहा?"

"वाटून कसं चालेल, बाई?"

आतल्या खोलीत आजी उताण्या पडल्या होत्या. दुखण्याने डोळे घट्ट मिटलेले. चाहूल लागून त्यांनी विचारलं, "कोण? किती वाजले गं?"

मावशीने मनगटाकडे पाहिलं.

"दहाला पाच कमी," ती म्हणाली. मग घड्याळ कोपराकडे सरकवलं, तळहात एकमेकांवर घासून गरम केले आणि आजींच्या खांद्याखाली हात घातला.