खांद्याचा शेक

आईचा उजवा खांदा आखडला होता, आणि त्या घरात चारचौघांत सांगण्याजोगं दुखणं तेवढंच होतं. ते ती भाजीवाल्यापासून लांबच्या मावसबहिणीपर्यंत सगळ्यांना रंगवून सांगे. दुसरं दुखणं लेकीचं. लेकीला लहानपणापासून फिट्स येत. औषधानं त्या पुष्कळ आटोक्यात होत्या. पण घरात त्या शब्दाला बंदी होती. गोळ्यांना 'व्हिटॅमिन' म्हणायचं, असं बाबांनी ठरवलं होतं. "आपण खोटं बोलत नाही," ते म्हणत, "विचारलं तर सांगू." आणि कुणी विचारणार नाही याची डोळ्यांत तेल घालून काळजी घेत.

लेक फिजिओथेरपिस्ट होती. अल्ट्रासाउंडच्या यंत्रानं दुखऱ्या सांध्याला शेक देई. बाबांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "खांद्याची सोनोग्राफी? मुलगा की मुलगी?" त्यावर ती पोट धरून हसली होती.

आता मात्र ती हसत नव्हती. आठवडाभर ती घरात भिंतीला धरून चालत होती. जीभ जड झाली होती.

"आई, मला एकाचे दोन दिसतायत गं."

"मोबाईल कमी बघ."

"गोळी तर तेवढीच घेतेय. आजारच वाढला असेल का?"

"काही नाही वाढला. दूध पी."

दुधातच तर सगळं होतं. एक स्थळ जुळत आलं होतं, आणि मुलाची आई दवाखान्यात येणार होती. सहज, मुलगी कामावर कशी असते ते बघायला. तिच्यासमोर फिट आली तर? एका गोळीनं फिट थांबते, तर दोन गोळ्यांनी ती घराकडे फिरकणारही नाही, असा आईचा विचार. रोज सकाळी ती जास्तीची गोळी कुटून दुधात घाली, वर साखर घाली, आणि लेक पेला रिकामा करीपर्यंत समोर बसून राही. मायेनंच.

त्या दिवशी आई खांद्याचं निमित्त करून दवाखान्यात हजर झाली. अजून विहीण न झालेल्या विहीणबाई खुर्चीत बसून पडद्यांपासून फरशीपर्यंत सगळं पारखत होत्या. लेकीनं आईच्या खांद्यावर गार जेली लावली आणि यंत्राचं गोल डोकं त्यावर फिरवायला सुरुवात केली.

"सारखं फिरवावं लागतं का गं?" विहीणबाईंनी विचारलं.

"हो काकू. एका जागी थांबलं की आत चटका बसतो."

शब्द जरा अडखळले. आई घाईनं म्हणाली, "लाजतेय ती."

हात फिरत होता. मग मंदावला. मग थांबला. लेकीचे डोळे उघडे होते, पण बुबुळं डुगडुगत होती. आईच्या खांद्यात ऊब आली, ऊब तापली आणि हाडात कुणी निखारा ठेवावा तशी कळ उठली. ओरडावं तर लेकीचा हात थांबलाय हे समोरच्या बाईला कळणार. आईनं पदर दातांत धरला आणि हसली.

"बरं वाटतंय?" विहीणबाईंनी विचारलं.

"फार."

"किती शांत मुलगी आहे हो! आमच्याकडे सगळे तोंडाळ. ए पोरी, माझ्या गुडघ्यालाही दे ना जरा."

त्यांनी साडी वर सरकवलीसुद्धा. लेकीनं खाली पाहिलं. आपला हात एका जागी आहे, हे तिला तेव्हा कळलं. तिनं यंत्र बंद केलं.

"काकू, मी आज कुणाला हात लावणार नाही."

"अगं, मी काही परकी आहे का?"

"मला फिट्स येतात. लहानपणापासून. आणि आता आजार वाढलाय बहुतेक. हात कुठे आहे तेच कळत नाही."

मग आई म्हणाली, "नाही वाढला." तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. "मी दुधात जास्तीची गोळी घालतेय. रोज. तुम्ही येणार म्हणून."

विहीणबाईंनी साडी खाली केली. "आधी सांगायला हवं होतंत."

"आधी सांगितलं असतं तर आला असतात?" लेकीनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होती.

बाईंनी खरंच विचार केला. "नसते आले," त्या म्हणाल्या. दारातून वळून, मयताला आल्यासारख्या आवाजात, "मुलगी चांगली आहे हो," एवढं बोलून गेल्या.

लेक जेली पुसायला लागली तशी आई कळवळली.

"चटका बसला? मग ओरडली का नाहीस?"

"त्या बघत होत्या गं."

"आणि मी जिन्यावरून पडले असते तर? तेव्हाही कोण बघतंय ते आधी बघितलं असतंस?"



डॉक्टरांनी रक्त तपासलं. औषधाचं विष झालं होतं, ते म्हणाले. या गोळीचं असंच असतं; थोडी वाढवली तरी रक्तात भलतीच चढते. तोल हळूहळू सावरेल. पूर्वीइतका सावरेल का? "बघू," म्हणाले. दवाखान्यानं तोवर तिला घरी बसायला सांगितलं.

काही आठवड्यांनी स्थळं सुचवणाऱ्या बाईंचा फोन आला. नवं स्थळ होतं, घरचे चांगले होते. समोर बाबा दोन्ही हातांनी 'नको, नको' करत होते. आईनं त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"मुलीला फिट्स येतात," ती म्हणाली. "औषध चालू आहे. त्यांना हे पहिल्याच वाक्यात सांगा."

पलीकडून बाई कळवळून म्हणाल्या, "अहो, मला कशाला सांगितलंत? मला माहीत नसतं तर सोयीचं झालं असतं!"

"हो," आई म्हणाली. "सगळ्यांनाच झालं असतं. तिच्याखेरीज."